पाहून पेरलेला हरभरा

उद्धव मास्तरांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. त्यांनी काय शिकवलं, असं गावात कोणालाही विचारा. गणित, भूगोल वगैरे कोणी सांगत नाही. सगळे सांगतात, 'पाहून लिहायचं नाही' हे शिकवलं. परीक्षेत कोणाची नजर शेजारच्या पाटीवर गेली, की पाहणारा आणि दाखवणारा, दोघंही घंटा होईपर्यंत उभे. दाखवणाऱ्याचा काय गुन्हा, असं एका पालकाने एकदा विचारलं होतं. "त्याला हात आडवा धरता येत नव्हता का?" असं मास्तर म्हणाले; आणि ते पालकही, त्यांचेच जुने विद्यार्थी असल्यामुळे, थोडा वेळ उभे राहिले.

निवृत्तीनंतर मास्तर शेती करतात. आधीही करायचे, पण तेव्हा ती रविवारी असायची. वडील गावचे जोशी. पेरणीचा मुहूर्त पंचांगातून काढून द्यायचे. ते पंचांग अजून घरात येतं. भिंतीवर कृषी विद्यापीठाची दिनदर्शिकाही आहे. रब्बीचा हरभरा कधी पेरायचा, हे मात्र मास्तर या दोन्हींत बघत नाहीत. ते धुऱ्यावरून बघतात.

धुरा म्हणजे शेताचा बांध. मास्तरांच्या चार एकरांच्या पूर्वेला, धुऱ्यापलीकडे, धम्मशीला अंभोरे यांचं दोन एकर वावर आहे. नवरा एसटीत चालक, मेहकरच्या आगाराला. शेती सगळी बाईच्या हातात. वावर चढावर आहे, अमडापूरच्या रस्त्याला लागून. बाजाराला जाणाऱ्या प्रत्येकाला ते जाताना एकदा आणि येताना एकदा दिसतं. आणि तिथला हरभरा मरत नाही.

'मर' हा हरभऱ्याचा रोग. जमीन तापलेली असताना पेरणी झाली, की वीतभर वाढलेलं झाड उभ्या जागी वाळतं. पूर्वी दसरा झाला की जमीन निवायची. आता ऑक्टोबर हा मे महिन्याची राहिलेली कामं पुरी करतो, आणि त्यातला नेमका कुठला दिवस पेरणीचा, हे पंचांगाला कळत नाही आणि मोबाइलवरच्या संदेशालाही कळत नाही. धम्मशीलाबाईंना कळतं. हे दहा-बारा वर्षांपूर्वी गावाच्या ध्यानात आलं, आणि तेव्हापासून गाव पाहून पेरतं.

अर्थात पाहण्याची एक रीत आहे. अंभोऱ्यांच्या वावरापाशी थांबायचं नसतं. तिथे फक्त चपलेचा अंगठा तुटतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्या वळणावर जितक्या चपला तुटतात तितक्या उभ्या तालुक्यात तुटत नसतील. मोटारसायकलवाल्यांच्या प्लगमध्ये कचरा येतो. भगवंतराव, म्हणजे आमचे माजी सरपंच, वीस एकरांचे धनी, त्यांना नेमका त्याच वळणावर फोन येतो, आणि फोनवर बोलताना ते चारी दिशांना बघतात, पण सगळ्यात जास्त वेळ पूर्वेकडे. मास्तरांना यातलं काहीच करावं लागत नाही. धुरा शेजारचाच. तरीही ते स्वतः न जाता सकाळी बायकोला पाठवायचे.

"धुऱ्यावरचं गवत कापून आण बरं जरा."

"गवत कायले?" अन्नपूर्णाबाई म्हणायच्या. "आपल्या घरी गाय नाही, म्हैस नाही. तुम्ही खाणार आहात का?"

"पलीकडे पेरणीची तिफण निघाली का, तेवढं पाहून ये."

"मंग तसं सांगा ना. गवताचं नाव कायले बदनाम करता?"

तीन वर्षांपूर्वी ही रीत गावाला भोवली. त्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात आला होता, ऊन मी म्हणत होतं, आणि एके सकाळी अंभोऱ्यांच्या वावरात तिफण चालताना दिसली. तीन दिवसांत गावाने पेरणी आटोपली. ज्यांचं सोयाबीन अजून उभं होतं त्यांनी ते घाईघाईने काढलं. महिन्याभरात मर आली. चाळीसहून जास्त घरांचा हरभरा वाळला. काहींनी मोडून ज्वारी टाकली, काहींनी रानच पडीक ठेवलं. अंभोऱ्यांचा हरभरा मात्र हिरवागार उभा. गावाने दोष बियाण्याला दिला, हवेला दिला, एका गटाने अमेरिकेला दिला. धम्मशीलाबाईंना कोणी एक शब्द बोललं नाही. बोलायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं.

यंदा एप्रिलमध्ये पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून हिमानी नावाची मुलगी आली. तिशीची असेल. जिल्ह्याचा हवामान आराखडा ठरवण्यासाठी ती संगणकात गावं वसवत होती. प्रत्येक घरामागे एक पात्र. मग त्या गावावर ऊन सोडायचं, पाऊस कमी करायचा, बाजारभाव पाडायचा, आणि पात्रं एकमेकांकडे बघून काय करतात, कोणाच्या मागे कोण जातं, ते हजार वेळा चालवून पाहायचं. त्यावरून सरकारने पैसा कुठे घालावा हे सांगायचं. तिचं म्हणणं, जुन्या अर्थशास्त्रातला माणूस एकटा असतो, त्याला सगळं माहीत असतं आणि तो फक्त स्वतःचा फायदा बघून वागतो. असा माणूस आमच्या तालुक्यात अजून सापडलेला नाही, एवढं आम्हीही तिला सांगू शकलो असतो. इथला माणूस फायद्याआधी शेजारी बघतो.

माहिती गोळा करायला गावातलं कोणीतरी हवं होतं. अक्षर चांगलं, घरोघरी वट, खोटं लिहिणार नाही असा माणूस. मास्तरांशिवाय दुसरं नाव कोणाच्या तोंडी आलं नाही.

एकशे बारा घरं त्यांनी महिन्याभरात केली. प्रश्न चौदावा होता: शेतीचा निर्णय घेताना तुम्ही कोणाला विचारता? पंधरावा: तुम्हाला कोण विचारतं? चौदाव्याला एकाहत्तर घरांनी भगवंतरावांचं नाव दिलं. बाकीच्यांनी कृषी सहायक, मोबाइल, दुकानदार. भगवंतरावांचं रान नदीकाठच्या खोलगटात आहे, तिथे काय पेरलंय ते त्यांच्या गड्याशिवाय कोणाला दिसत नाही. पण माजी सरपंचाचं नाव घेताना कोणाची मान खाली जात नाही, ही त्या नावाची मोठी सोय आहे.

धम्मशीलाबाईंची माहिती मास्तरांनी विहाराच्या ओट्यावर बसून घेतली. त्याही मास्तरांच्याच विद्यार्थिनी, चौथीपर्यंतच्या.

"तुम्ही कोणाला विचारता?"

"कोनाले नाई, गुरुजी."

"तुम्हाला कोण विचारतं?"

बाई हसल्या. "विचारत कोनीच नाई. पाह्यतात सगळे."

मास्तरांनी लिहिलं: 'कोणी नाही.' पुढे शेऱ्याचा रकाना होता, चांगला दोन बोटं रुंद. चौतीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिलेल्या माणसाने तो कोरा सोडला. मग घरी येऊन स्वतःचा अर्ज भरला. प्रश्न चौदा: तुम्ही कोणाला विचारता? 'कृषी विद्यापीठाच्या शिफारशी.' अक्षर फार सुंदर आलं होतं.

ऑगस्टमध्ये हिमानी परत आली. मास्तरांच्या पुढच्या खोलीत तिने लॅपटॉप उघडला आणि चहा घ्यायच्या आधीच म्हणाली, "सर, तुमचं गाव चालत नाहीये."

"म्हणजे?"

"सगळ्या गावांना मी मागच्या दहा वर्षांचं हवामान देऊन बघते. जे घडलं तेच संगणकातल्या गावात घडायला हवं, तर पुढच्या वर्षांबद्दल त्याचं ऐकायचं. बाकीची गावं बरोबर चालतात. तुमचं तीन वर्षांपूर्वी अडकतं. तुमच्या अर्जांप्रमाणे गाव भगवंतरावांना आणि मोबाइलला विचारतं. मोबाइलवर तेव्हा 'पेरणी थांबवा' असा संदेश होता. भगवंतरावांनी सगळ्यांच्या मागून पेरलं. मग बाकीच्यांनी तीन दिवसांत का पेरलं? माझ्या गावात कोणी पेरतच नाही. सगळे बसून राहतात."

"शहाणे आहेत," अन्नपूर्णाबाई आतून म्हणाल्या.

"सर, तुमच्या गावात एक माणूस कमी आहे."

मास्तर म्हणाले, "एकशे बारा घरं झाली. एकही सोडलं नाही."

"घर नाही कमी. ज्याच्याकडे बघून बाकीचे हलतात असा एकजण अर्जांमध्ये नाहीये." तिने उपग्रहाचं चित्र काढलं. त्यावर पेरणीच्या तारखांचे रंग होते. डाग एका कोपऱ्यातून निघून गावभर पसरत गेला होता, जसा टीपकागदावर शाई पसरते तसा. "इथून सुरू झालं. अमडापूर रस्त्याच्या वळणावर. इथे चार शेतं आहेत, त्यातलं पहिलं कुठलं ते चित्रात कळत नाही. पण एक तुमचं आहे." तिचा चेहरा उजळला. "सर, तुम्हीच ना? आणि संकोचाने लिहिलं नाहीत."

इथे 'हाव' या शब्दाबद्दल सांगायला हवं. पुण्याच्या मराठीत हाव म्हणजे लोभ. आमच्याकडे हाव म्हणजे हो. पण समोरचा बोलत असताना ऐकणाऱ्याने मध्येमध्ये 'हाव, हाव' म्हणायचं असतं, त्याचा अर्थ एवढाच, की मी जागा आहे. मास्तर म्हणाले, "हाव."

तो यांपैकी कुठला होता, हे मास्तरांना विचारलं तर ते अजूनही सांगत नाहीत. हिमानीने तो होकार धरला. पुण्याच्या अर्थानेही तो चुकीचा नव्हता.

आराखड्यात प्रत्येक गावातून एक 'हवामान शेतीमित्र' नेमायचा होता. ज्याच्याकडे गाव बघतं तो. त्याच्या शेतात सरकारी खर्चाने प्रात्यक्षिक, त्याला प्रशिक्षण, जमिनीचं तापमान मोजायचं यंत्र, आणि तो सांगेल तेव्हा गावाने पेरायचं. दहा दिवसांनी पंचायतीच्या सभागृहात नाव पक्कं होणार होतं. माणूस चुकीचा लागला तर काय होईल, हेही हिमानीने त्याच बैठकीत सांगून टाकलं. येत्या वर्षांत तापलेले ऑक्टोबर जास्त असणार आहेत. चुकीच्या माणसाच्या मागे गेलेलं गाव तिने चालवून पाहिलं होतं. दर दोन-तीन वर्षांनी मर, आणि दहा वर्षांत निम्म्या गावाने रब्बी सोडलेली.

बातमी संध्याकाळपर्यंत पसरली, आणि गावाला हायसं वाटलं. मास्तरांचं पाहून पेरतो म्हणायला काय हरकत होती? शिकलेला माणूस, जोशांचं घर. दोन दिवसांत लोकांना आठवायलाही लागलं.

"आम्ही तं पयल्यापासून मास्तरचंच पाह्यतो," भगवंतराव पारावर म्हणाले. "बापानं मुहूर्त सांगितला, पोरगं जमीन सांगते. रक्तात लागते बे ते!"

मास्तर तिथून जात होते. थांबले नाहीत. घरी आल्यावर अन्नपूर्णाबाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "अभिनंदन. आता गवत मी कापू का सरकार माणूस पाठवणार?"

मास्तरांनी पेला खाली ठेवला. पाणी प्यायले नाहीत.

तेवढ्यावर निभावलंही असतं. असल्या गोष्टींवर आमच्या गावात बऱ्याच जणांचं आयुष्य निभावलं आहे. पण हिमानीचा फोन आला. "सर, तुमचं पात्र गावात टाकलंय, पण त्याला नियम हवा. बाकीचे तुमच्याकडे बघून पेरतात, ठीक. तुम्ही कशाकडे बघून पेरता? तीन-चार ओळींत लिहून पाठवा. अमुक असेल तर पेरतो, तमुक असेल तर थांबतो. तेवढंच."

मास्तर कागद घेऊन बसले. 'जमिनीत पुरेसा ओलावा असल्यास' असं लिहिलं आणि खोडलं, कारण ओलावा मर आली त्या वर्षीही होता. 'तापमान अनुकूल असल्यास' लिहिलं. किती म्हणजे अनुकूल, हे त्यांना सांगता येईना. ते एक वर्ष सोडलं तर बारा वर्षं ते बरोबर दिवशी पेरत आले होते, आणि तो दिवस बरोबर का, हे त्यांना माहीत नव्हतं. उत्तर बरोबर, रीत शून्य. असा कागद शाळेत त्यांच्या हाती पडला असता तर त्यांनी काय केलं असतं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. दोन दिवस कागद तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी ते उठले, टोपी घातली आणि धुरा ओलांडला.

धम्मशीलाबाई वावरातल्या घराच्या ओसरीत मुगाच्या शेंगा वाळत घालत होत्या. मास्तरांना बघून त्यांनी पदर सारखा केला. "या गुरुजी. घर चुकले का?"

"विचारायला आलो," मास्तर म्हणाले. हे दोन शब्द म्हणायला त्यांना पायरीपासून खाटेपर्यंतचं अंतर लागलं.

"काय?"

"हरभरा कधी पेरायचा, ते तुम्ही कसं ठरवता?"

बाईंनी शेंगा सारख्या करणारा हात थांबवला. मग पुन्हा सुरू केला. "लिहून घेता का?"

"हो."

"मंग पुरं लिहा. मांगच्या वेळेस अर्धंच लिहिलं व्हतं तुम्ही."

मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

पुढे त्यांनी जे सांगितलं ते कोणा पुरुषाला सुचलं असतं तर त्याने त्याचं पुस्तक काढलं असतं. बाई म्हणाल्या, "दुपारी तीन वाजता वावरात जाते. वीतभर उकरते, हात घालते. तिथं गार लागलं तं दुसऱ्या दिवशी पेरते. सकायी लोकं हात लावून पाह्यतात. सकायी तं चुलीवरचा तवा बी गारच असते."

मास्तरांनी लिहिलं. शब्दाला शब्द.

"अन् बियाले बुरशीचं औषध चोळते. बचत गटाच्या ट्रेनिंगले बुलढाण्याले गेली व्हती, तिथं सांगतलं. मर बियातून बी येते अन् मातीतून बी येते. घरात, सपरीत बसून चोळते. ते काही रोडवरून दिसत नाई."

"आणि त्या वर्षी?" मास्तरांनी विचारलं. "तीन वर्षांपूर्वी. तेव्हा जमीन तापलेली होती. तुम्हीसुद्धा आधीच पेरलं."

बाईंनी शेंगा बाजूला सारल्या. "दसऱ्याले नागपूरले जायचं व्हतं, दीक्षाभूमीले. दसरा लवकर आला. मंग तिकून नंदेकडे पंधरा दिवस. तिचं ऑपरेशन व्हतं. पेरलं नसतं तं वावर तसंच राह्यलं असतं. मले माहीत व्हतं जमीन गरम हाये. म्हनून औषध दुप्पट चोळलं, अन् पोऱ्याले सांगून ठेवलं, आठ दिवसांनी तुषार लावून पानी दे. निभलं."

म्हणजे आमच्या गावाने त्या वर्षी पेरणी केली ती एका बाईला नागपूरची गाडी धरायची होती म्हणून. मास्तरांनी पेन खाली ठेवलं.

"हे कोणी विचारलं असतं तर..."

"तं सांगतलं असतं. औषध बी देल्लं असतं, डब्बा अर्धा शिल्लक व्हता." त्यांनी एक कोरडी शेंग फोडली. "पन पुरं लिहा म्हनलं न मी? मंग हे बी लिहा. गाडीत बसून जाऊन राह्यली व्हती मी, तं रोडनं दोन्हीकडे तिफणी. सगळं गाव पेरून राह्यलं. मले समजलं, हे आपलं पाहून. यायनं औषध लावलं नसन, हे बी समजलं. मधातच उतरता येत व्हतं. भगवंतराव व्हते न रोडवर, फोनवर बोलत. हात केला असता तं थांबली असती गाडी. नाई उतरली. मनात म्हनलं, विचारत नाई न? मरू द्या."

चुलीवर काहीतरी उतू जात होतं. ते बघायला त्या उठल्या नाहीत.

"तुम्हीच तं शिकवलं गुरुजी. पाह्यनारा बी उभा अन् दाखवनारा बी उभा. मी तीन सालापासून उभीच हावो."

मास्तरांना म्हणायचं होतं, की तुमची चूक एका दिवसाची आणि आमची बारा वर्षांची. पण हे वाक्य त्यांना फार चांगलं वाटलं, आणि चांगली वाटणारी वाक्यं त्या क्षणी त्यांना नको होती. ते म्हणाले, "लिहितो." आणि लिहिलं.

सभा भरली तेव्हा सभागृहात जागा नव्हती. हार आणला होता; तो एका ताटात झेंडूला पाणी मारून ठेवला होता. हिमानीने पडद्यावर गाव दाखवलं. एकशे बारा ठिपके, त्यांच्यामधल्या रेषा. मध्यभागी एक मोठा ठिपका, त्याखाली 'उद्धव सर'.

मास्तर उभे राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या त्यांनी संपू दिल्या.

"तिथलं नाव चुकलं आहे," ते म्हणाले. "मी बारा वर्षं धम्मशीलाबाईंचं पाहून पेरतो. अर्जात खोटं लिहिलं. त्यांनी मला सांगितलं होतं, की विचारत कोणी नाही, पाहतात सगळे. त्यातलं अर्धं लिहिलं, अर्धं गाळलं. हिमानीताईंनी विचारलं तेव्हाही मी हाव म्हणालो."

मग त्यांनी कागद वाचला. तीन वाजताची माती, औषध, नागपूरची गाडी, न उतरणं. सगळं, बाईंनी सांगितलं तसं, वऱ्हाडीत. चौतीस वर्षं शाळेत ही भाषा बोलणाऱ्याला त्यांनी 'नीट बोल' म्हणून टोकलं होतं. धम्मशीलाबाई दाराजवळ बायकांमध्ये बसल्या होत्या आणि सरळ समोर बघत होत्या.

शेवटी भगवंतराव म्हणाले, "म्हनजे आमी मास्तरचं पाह्यत व्हतो, अन् मास्तर..." आणि थांबले, कारण आपण मास्तरांचं कधीच पाहिलेलं नाही हे त्यांना एकट्यालाच नव्हे, सगळ्यांना माहीत होतं.

हिमानी म्हणाली, "आणखी कोणी धम्मशीलाताईंचं बघून पेरतं का? हात वर करा, म्हणजे मला रेषा जोडता येतील."

मास्तरांचा हात वर गेला. बाकी सभागृहात एकशे दहा जण आपापल्या चपला बघत होते. त्यात मीही होतो. चपला नवीनच होत्या, बघण्यासारखं त्यांत काही नव्हतं.

"एक पुरे," हिमानी हळूच म्हणाली. "बाकीच्या रेषा चित्रावरून काढता येतात." तिने तिथेच नाव बदललं आणि गाव पुन्हा चालवलं. तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर आला आणि ठिपके कोपऱ्यातून लाल होत गेले, एकामागून एक. जसं झालं होतं तसंच. पडद्यावर आपापलं घर वाळताना सगळ्यांनी पाहिलं. मग तिने पुढची वर्षं लावली. म्हणाली, नुसते पाहणारे कितीही असले तरी मर थांबत नाही, कारण पाहून तारीख कळते, कारण कळत नाही. विचारणारी दहा घरं झाली, की थांबते. एकशे बारांपैकी दहा.

हार ताटातच राहिला. शेतीमित्र म्हणून धम्मशीलाबाईंचं नाव लागलं. विरोध करायला तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून एकमताने.

ऑक्टोबर आला. वळणावर चपला तुटायला लागल्या. बाईंच्या वावरात सरकारी पाटी लागली होती, यंत्र रोवलं होतं. पाटी वाचायच्या निमित्ताने आता लोकांना उघड थांबता येत होतं, ही प्रगतीच म्हणायची. दारात जाऊन विचारलेलं मात्र एकही घर नव्हतं. सोळा तारखेला, गुरुवारी, दुपारी भगवंतरावांचा ट्रॅक्टर पेरणी यंत्र लावून बाहेर पडला. आदल्या दिवशी बाईंनी वावर वखरून ठेवलं होतं, ते त्यांनी फोनवर बोलताना पाहिलं असावं. मागून आणखी दोन ट्रॅक्टर निघाले, आणि तिन्ही त्या वळणावर आले.

मास्तर धुऱ्यावर उभे होते. पलीकडे बाई माती उकरत होत्या. रस्त्यावर, ट्रॅक्टरवर, पाटीपाशी मिळून वीसेक माणसं असतील.

"धम्मशीलाबाई!" मास्तरांनी हाक मारली.

त्यांनी वर पाहिलं. "तुम्हाले तं सांगतलं न सगळं, गुरुजी."

"घरात सांगितलं. लोकांसमोर विचारायचं राहिलं."

बाई मनगटापर्यंत मातीत हात घालून बसल्या होत्या. "मंग विचारा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी विचारायला तोंड उघडलं. पहिल्यांदा जे निघालं ते धुऱ्यावरच विरलं. रस्त्यावर कोणीतरी हसलं. मास्तरांचं तोंड उतरलं. पण ते वळले नाहीत. दुसऱ्यांदा त्यांनी रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं विचारलं, "जमीन कशी आहे? मी पेरू का?"

"गरम हाये अजून," बाई तेवढ्याच मोठ्याने म्हणाल्या. "आठ रोज थांबा. अन् पेरायच्या आधी बियाले औषध लावा. डब्बा माह्याजवळ हाये, कोनीही घेऊन जा."

रस्त्यावर भगवंतराव ट्रॅक्टरवरून खाली उतरले. त्यांनी बॉनेट उघडलं, आत बराच वेळ डोकं घातलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इंजिन गरम झालं राजेहो. आठ-दहा रोज तरी उभंच ठेवा लागते आता."

मागच्या दोन ट्रॅक्टरांचीही इंजिनं लगेच गरम झाली.